एकशे सत्तर घरांची एकच किल्ली

तारकाकांचा डावा गुडघा चौथ्या मजल्यापर्यंतच माणसाचं ऐकायचा. पुढं तो गाढवासारखा अडायचा. तीस वर्षं खांबांवर आणि गच्च्यांवर तारा ओढून त्याचा पार भुगा झालेला. आणि लोकांचा इंटरनेटचा डबा बिघडायचा तो नेमका सहाव्या मजल्यावर. बिघडायचा म्हणजे काय, तर झाडताना कुणाचा तरी हात लागून तार निसटलेली. काका धापा टाकत पोचायचे, तार खोचायचे, आणि वर ऐकून घ्यायचे, "एवढंच होतं होय?"

त्यावर काकांनी एक शक्कल काढली. डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, तो घरातल्या पोरासोरांना पाठ. दुसरा खुद्द डब्याचा. तो टाकला की डब्याचं सगळं पोट उघडं पडतं. हा दुसरा कुणी विचारत नाही, बसवणाराच ठेवतो. काकांनी वस्तीतल्या एकशे सत्तर डब्यांना तो एकच ठेवला: पूर्वी पाळलेल्या कुत्र्याचं नाव, पुढं एक-दोन-तीन. शिवाय प्रत्येक डब्याचं बाहेरून आत शिरायचं दार उघडं ठेवलं, म्हणजे खाटेवर गुडघा शेकत फोनवरूनच कुणाचाही डबा नीट करता यावा. कुत्रा मरून बारा वर्षं झाली होती, पण एवढ्या घरांची राखण त्याच्याच गळ्यात होती.

दोन वर्षं गुडघा सुखात होता. मग एका दुपारी नर्सबाईंचा फोन आला.

बाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले. बाई ड्यूटीवर असल्या की कपाटावरच्या कॅमेऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवायच्या.

"काका, कॅमेऱ्यानं मान फिरवली."

"म्हणजे?"

"बाबांकडे बघत होता, तो आपोआप दाराकडे वळला. मग खिडकीकडे. मी इथं वॉर्डात उभी, आणि माझ्या घरात कुणीतरी फेरफटका मारतंय! मी निघालेच आहे. तुम्ही पुढं व्हा, किल्ली शेजारी आहे."

किल्ली नेहमीच शेजारी असायची. निम्मी वस्ती अशीच घरं काकांच्या हवाली करून कामाला जायची. काका कठड्याला धरून सहा मजले चढले.

"ये रे," म्हातारबा खाटेवरून म्हणाले. "तो डोळा काल माझ्याकडं बघून मान डोलवत होता. मला वाटलं, पोरगी गंमत करतीय. मीही हात केला."

काकांनी डब्याच्या पोटात डोकावून बघितलं. आत आल्या-गेल्याची नोंद होती, आणि तीन दिवस कुणी परका येऊन जाऊन होता. कुलूप तोडलेलं नव्हतं. उघड्या दारातून आला होता, कुत्र्याचं नाव घेऊन.

काकांनी जिन्यात येऊन इंटरनेट कंपनीच्या मालकांना फोन लावला.

"कॅमेरा भिकार आहे म्हणून सांगा," मालक म्हणाले. "तुमचं नाव कशाला मधे आणता? उद्या वस्तीत कळलं तर कुणी दारात उभं करणार नाही तुम्हाला. तीस वर्षं घालवलीत, तेवढी तरी सांभाळा."

खोटं नव्हतं. काकांकडं तेवढी एकच कमाई होती.

बाई युनिफॉर्मवरच पोचल्या. पर्स खाली ठेवायच्या आत विचारलं, "कॅमेराच बदलू का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण म्हातारबांनी परक्याला केलेला तो हात काकांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"कॅमेऱ्याचा दोष नाही, ताई. माझा आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुत्रा, उघडं दार, गुडघा.

"गुडघा दुखतो म्हणून?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "याच खोलीत मी बाबांना पुसून घेते, काका. याच खोलीत कपडे बदलते."

काका डब्याकडं बघत उभे राहिले.

"आता बघत काय बसलात? करा काय करायचं ते."

काकांनी डब्याच्या पाठीच्या भोकात पिन खुपसून दाबून धरली. डबा सगळं विसरून कोरा झाला. मग त्यात नव्यानं आलेली दुरुस्ती, म्हणजे अपडेट, भरली, बाहेरचं दार बंद केलं, वायफायचा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायला लावला.

"आता हा डब्याचा. लांबलचक टाका. कुठं वापरलेला नको. मला सांगू नका."

"तोंड फिरवा."

काका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे.

खाली उतरता उतरता ते तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले आणि फोनवरून एकेका घराचं बाहेरचं दार लावत सुटले. शेवटचं लागलं तेव्हा दिवस मावळला होता. आता कुणालाच बाहेरून आत जाता येणार नव्हतं. काकांनाही नाही. पासवर्ड बदलायला प्रत्येक घरी पायांनीच जायचं होतं.

पाच आठवडे लागले. काका प्रत्येक दारात तेच सांगायचे आणि तेच ऐकायचे. एका शिंप्यानं विचारलं, "माझ्या घरात बघण्यासारखं काय आहे, बायको?" आणि आतून बायकोनं त्याचा उद्धार केला. अकरा घरांनी डबा परत दिला. काकांच्या घरचा डबा सगळ्यात शेवटी. काकूंनी त्यांना कोपरानं ढकललं. "सरका. तुमच्या त्या कुत्र्याला आता मरू द्या."

पुढं महिनाभरानं नर्सबाईंचा फोन. नेट बंद.

"आत्ताच येतो, ताई. किल्ली शेजारी आहे ना?"

"रविवारी या, काका. मी असताना."

रविवारी काका सहा मजले चढले. बाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या होत्या. तार निसटलेली. काकांनी खोचली. डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

"एवढंच होतं होय?"

"एवढंच."

म्हातारबांनी खाटेवरून हात केला. काकांनीही केला, पिशवी खांद्याला लावली, आणि आधी उजवा पाय, मग डावा, असं एकेक पायरी उतरायला लागले.