पिस्ता, रामा, मोरपंखी

आता २००८ चा जानेवारी. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरात लता नंदनवार हीटर वाढवते आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसते. गेल्या वर्षापर्यंत तिला या दिवसांत बर्फ दिसायचाच नाही. नवरा, मनोहर, तिला कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर न्यायचा, शिडाची बोट भाड्यानं घ्यायचा आणि आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर हिंडवायचा. बेटांभोवती पोवळ्यांचे खडक, आणि आमच्या लताबाईंना पोहता येत नाही! तेव्हा ती शिक्षा वाटायची. आज तिला त्या शिक्षेचीच आठवण येते.

मनोहर पक्का नागपूरकर. लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे फुटाळा तलाव. पण पन्नाशीत न्यू जर्सीच्या खाडीत तो शीड हाकायला शिकला आणि त्या वेडानं त्याला पुरतं झपाटलं. ऑफिसात कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा हा माणूस, बोटीवर कुणी 'कॅप्टन' म्हटलं की फुलून जायचा.

लता देवाचं नाव घेत कठडा धरून बसायची. तिची भीती जावी म्हणून त्यानं तिला कामाला लावलं. बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं आणि पाण्याचा रंग सांगायचा. निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे खडक. पण निळ्या-हिरव्यावर भागेल तर ती लता कसली! वडिलांचं नागपूरच्या इतवारीत लुगड्यांचं दुकान. घड्या उलगडण्यात तिचं बालपण गेलेलं.

"मोरपंखी... मोरपंखी... रामा कलर आला! अहो, पिस्ता, पिस्ता! डावीकडे घ्या!"

शेजारच्या बोटीतले गोरे बघत राहायचे. लताला हळूहळू मजा यायला लागली होती, पण हे तिनं नवऱ्याला कधी कळू दिलं नाही. डोक्यावर मिरे वाटायला त्याला वेगळं निमित्त कशाला द्या?

मागच्या जानेवारीत मनोहर चहाचा कप चाचपडून उचलत होता. वय झालं, असं तिला वाटलं. शेजारच्या सेंट जॉन बेटाच्या एका खाडीत शिरताना सूर्यावर ढग आला आणि सगळं पाणी एकसारखं काळपट झालं. समोरचा डाग खडक की ढगाची सावली, तिला कळेना. ती गप्प झाली.

"लता, बोल ना."

"थांबा जरा, दिसत नाहीये."

"अगं बोल! मला काहीच दिसत नाही!"

तिनं मागे वळून पाहिलं. त्याची नजर भलतीकडेच होती.

"रिव्हर्स टाका! इंजिन रिव्हर्स!"

बोट थबकली. ढग सरकला, तर पुढ्यातच खडक.

"डॉक्टर म्हणाले, मधली नजर जातेय," बोट बांधल्यावर तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू ट्रिप कॅन्सल केली असतीस. मी तुझ्या रंगांवर ड्राइव्ह करत होतो."

"आणि बुडालो असतो म्हणजे?" ती कडाडली. मग त्याचा पडलेला चेहरा पाहून तिलाच रडू फुटलं. राग आणि कीव एकदमच आली. तिनं रेडिओवरून बोटवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं बोट परत आणली, आणि कॅप्टनसाहेब पाहुण्यासारखे बाकावर बसून राहिले.

धक्क्यावरच्या बुकिंगच्या मुलीनं नेहमीसारखं हसून विचारलं, "पुढच्या वर्षी हाच आठवडा ना, कॅप्टन?"

दरवर्षी तिचा प्रश्न संपायच्या आत मनोहर हो म्हणायचा. या वेळी त्यानं तोंड लताकडे वळवलं आणि तो थांबला. सुटका अशी हातात आली होती, पण तिला ती घ्यावीशी वाटेना. तिनं नुसतीच नकारार्थी मान हलवली.

तो तसाच तिच्याकडे तोंड करून वाट बघत राहिला. मग तिला ते 'नाही' मोठ्यानं म्हणावं लागलं.