कौसानं थांबवलेलं पाणी

कौसा गेल्याचं मला आधी विहिरीनं सांगितलं. हसणाऱ्यानं हसावं. दत्ता, आमचा पोरगा, तिला भोकरदनच्या दवाखान्यात घेऊन गेल्ता आणि मी मोटर चालू करायला विहिरीवर आल्तो. फाल्गुनातली भर दुपार. विहिरीच्या वरच्या कपारीतून पाणी पाझरतं, त्याचा आवाज चोवीस तास असतो, इतका की तो ऐकू येत नाही. तो एकदम बंद पडला. मी कठड्यावरून वाकलो... पाणी काचेसारखं, पारवेसुद्धा गप. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दत्ता नुसतं "दादा" म्हणाला अन् रडाय लागला. फोन खिशात ठेवला तेव्हा कपार पुन्हा ठिबकत होती.

विहिरीच्या वर आमचा मुरमाड उतार आहे. कौसा लग्न होऊन आली तेव्हा तिथं मी बाजरी पेरायचो आणि दर पावसाळ्यात माती नाल्याला जाताना बघायचो. ती धनगराची लेक. म्हणाली, "अवं, त्याचं कातडं सोलू नका, गवत वाढू द्या." मी ऐकत नव्हतो. मग तिनंच कुदळ घेऊन उताराला आडवे चर खोदले, वर सीताफळी लावल्या, पळस राखले, अन् चरायला आलेल्या मेंढ्या हाकलल्या, भावाच्या असल्या तरी. गावातले टोमणे मारायचे, "धनगराची लेक अन् मेंढ्यांवर धोंडे भिरकावती!" ती म्हणायची, "मेंढी रोज जेवती, इहीर वर्साला एकदाच. तिला पहिलं वाढा."

पाऊस चरात साचायचा, मुरायचा, आणि विहीर मात्र तशीच. मी म्हणायचो, कुठं गेलं तुझं पाणी? "चालून राह्यलंय," ती सांगायची. "बाईमाणूस ओझं घेऊन येतंय, जल्दी कसं यील?" खडकाला कान लावून म्हणायची, "आता पळसापाशी आलं." माझ्या अंगावर काटा यायचा. गप म्हणालो तर हसायची. "मी मेल्यावर बी येत राहील, मंग कुणाला गप म्हणताल?"

वैशाखात शिवारातल्या विहिरींचे तळ दिसले, आमची टिकून होती. दत्ताला उतार सपाट करून मोसंबी लावायची होती. "माय होती तवर ठीक होतं दादा. आता गवत कुणासाठी राखायचं?" मी बघू म्हणालो, तर त्यानं दुसऱ्याच दिवशी दुपारी जेसीबी आणला. मशीन बांधाजवळ बंद करून ड्रायव्हर उतरला. आम्ही तिघं विहिरीवर पाणी प्यायलो. दत्ताचा तांब्या तोंडाजवळच राहिला.

"दादा, वर कोण चालून राह्यलंय?"

उतारावर कुणीच नव्हतं. गवतसुद्धा हलत नव्हतं. पण आवाज होता... ओल्या पायाचा, सावकाश, आणि तो गवतातून नाही, खडकाच्या आतून येत होता. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, इथं काय हाय?"

"पाणी," मी म्हणालो. मग दत्ताला सांगितलं, "हे गेल्या पावसाळ्याचं हाय. तुझ्या मायनं चर साफ केल्ते तवाचं. ती गेली, ते आजून वाटंत हाय. वाटच उकरून टाकली तर यील कुठून?"

दत्तानं तांब्या खाली ठेवला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "खालच्या तुकड्यात चला, काय लावायचं ते तिथंच लावू."

आता चरातला गाळ मी काढतो. कंबर धरते, तरी मृगाआधी उरकायचंच आहे. घरी विहिरीचंच पाणी पितो, पण घोट घेण्याआधी हात थांबतो. हे तिच्या हातचं आहे, आणि किती उरलंय ते मला दिसत नाही. पाऊस झाला की माझ्या चरातलं पाणी खाली निघेल. कधीतरी ते तिच्या पाण्याला गाठेल, अन् मग कोणता घोट कुणाचा, ते मला ओळखू येणार नाही.