अण्णा गाडी ऐकतात

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लिफ्ट ऐकायचे. कागदोपत्री त्यांची नोकरी लिफ्ट तपासायची होती, पण घरात आम्ही ‘ऐकायचे’ असंच म्हणतो. आत शिरायचं, दार लावायचं, बाजूच्या पत्र्यावर उजवा तळवा टेकायचा, डोळे मिटायचे आणि वरच्या मजल्यापर्यंत जायचं. आधी रिकाम्या लिफ्टमधून, मग लोखंडी वजनं भरून. रिकामी लिफ्ट कुणालाही गंडवते, भार पडला की कण्हायला लागते, असं त्यांचं म्हणणं. सगळी हयात यात गेली आणि त्यांनी पास केलेल्या लिफ्टबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही.

हा त्यांचा कान घरात आला तो कायमचाच. मिक्सर असो, पंखा असो, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप असो, अण्णा ऐकायला उभे राहिले की घरातल्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. आणि ते जे म्हणतील ते म्हणतील, त्यावर कुणी फाटे फोडायचे नाहीत. माझा नवरा लग्नानंतर नवा नवा होता तेव्हा अण्णा कपडे धुण्याचं यंत्र ऐकत होते आणि हा मधेच म्हणाला, “बेअरिंग गेलं असेल.” आमच्या आत्याने, अण्णांच्या थोरल्या बहिणीने, त्याच्याकडे असं काही बघितलं की अजूनही अण्णा घरात असले तर बिचारा फ्रिजचं दारसुद्धा जपून लावतो.

हे सगळं सांगायचं कारण, मला गाडी घ्यायची होती.

मी नर्स आहे. आडबाजूच्या वस्त्यांमध्ये जाऊन बाळंतपणं करते आणि अडलेलीला दवाखान्यात आणते. माझी जुनी गाडी अशाच एका फेरीत चढावर बंद पडली. मागच्या सीटवर पोरगी कळा देत होती, मी किल्ली फिरवत होते आणि गाडी नुसती खरखरत होती. मूल तिथेच झालं. मायलेकरू सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण त्या पोरीने माझं मनगट धरून विचारलं होतं, “ताई, चालू होईल ना हो?” आणि मी होईल म्हणाले होते. ती गाडी मी भंगारात घातली. पुढची गाडी कशीही चालेल, रंग कुठलाही असू दे, पण रस्त्यात दगा देता कामा नये, एवढं एकच माझं मागणं होतं.

नवी कोरी परवडणार नव्हती. नवऱ्याने एक जाहिरात शोधून काढली. दातांच्या डॉक्टरची गाडी, वर्षही झालेलं नव्हतं. एवढ्यात का विकताय, असं विचारलं तर म्हणे मोठी घ्यायचीय.

“चांगला दात कोण काढतं?” आत्या म्हणाली.

मनात पाल तिथेच चुकचुकली होती. पण अण्णा होते ना. अण्णा ऐकतील आणि सांगतील.

आम्ही चौघं बसने डॉक्टरांकडे गेलो. आत्याला का नेलं हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून, फिरायला निघाल्यासारखी आली होती. गाडी अंगणात उभी होती, पांढरी, धुऊन पुसून लख्ख. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. अण्णांनी चारही दारं उघडून लावून पाहिली. रंग उजेडात तिरक्या नजरेने पाहिला. टायरवर बोटं फिरवली. मग मी आणि ते दोघंच एक चक्कर मारून आलो, सरळ रस्ता, वळण, चढ, सगळं. कसला म्हणून आवाज नाही. मलाही काही ऐकू आलं नाही.

“आता भार,” अण्णा म्हणाले आणि आत्याकडे बघितलं.

आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मला वजन म्हणून आणलंय होय रे?”

“विश्वासाचं वजन आहेस तू,” अण्णा म्हणाले.

नवरा मान खाली घालून हसला. आत्या फणकारत मागे बसली, डाव्या बाजूला. तिच्या शेजारी डॉक्टर, पलीकडे नवरा. अण्णा पुढे माझ्या बाजूला. गाडी मागून चांगलीच बसली. डॉक्टर बडबडायला लागले, गाडी किती देते, कशी पळते. आत्याने हळूच त्यांच्या हातावर थाप मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. “ते ऐकतायत.” डॉक्टर बिचारे दुसऱ्यांची तोंडं उघडणारे, स्वतःचं मिटून बसले.

अण्णांनी तळवा समोरच्या डॅशबोर्डवर टेकला आणि डोळे मिटले.

सरळ रस्त्यावर काही नाही. मग उजवीकडचं वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि पुढून डावीकडून आवाज आला. टक. टक टक टक. वळण संपलं तसा थांबला. पुढच्या चौकात पुन्हा मुद्दाम उजवीकडे घेतली. टक टक टक टक. आता तर स्पष्ट.

मी अण्णांकडे पाहिलं. चेहरा शांत. मला वाटलं, एवढा आवाज, म्हणजे ते मनात काहीतरी जुळवत असतील, किती वाईट आहे ते ठरवत असतील. डॉक्टरांच्या घरासमोर परत आलो. अण्णांनी डोळे उघडले.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “निर्धास्त घे.”

आधी वाटलं, माझंच डोकं फिरलंय. त्या चढावरच्या दिवसापासून मला कशातही खरखर ऐकू येते, हाही भासच असेल. मी आरशात पाहिलं. नवरा माझ्याकडेच बघत होता आणि नजर मिळताच त्याने ती खिडकीबाहेर वळवली. आत्या पायाशी बघत होती. आमची आत्या, जी झोपेतही बोलते, ती गप्प. डॉक्टर तर रुमालाने कपाळ टिपत होते. सगळ्यांना ऐकू आलं होतं. गाडीत पाच माणसं, चौघांनी ऐकलं आणि अळीमिळी गुपचिळी.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. टीव्हीचा आवाज हल्ली एवढा मोठा का असतो. दारावरची घंटा बिघडली म्हणून अण्णांनी दोनदा का उघडून पाहिली. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे का बघतात. आम्ही सगळे एका घरात राहतो आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. का आलं होतं आणि कुणी बोललं नव्हतं, देव जाणे.

खाली उतरल्यावर डॉक्टर लगबगीने म्हणाले, “मग, ठरलं ना?”

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. अण्णांचा, माझा, त्या पांढऱ्या गाडीचा. रंग आवडला नाही म्हणून सांगावं आणि निघावं, असं मनात आलं. सोपं होतं. अण्णांचा मान राहिला असता. पण मग पुढची गाडीही अण्णाच ऐकणार होते, आणि त्या गाडीत मागे कुणीतरी पोरगी माझं मनगट धरून बसणार होती.

“अण्णा, आवाज येतोय गाडीचा,” मी हळू आवाजात म्हणाले.

अण्णा टायरकडे बघत उभे होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली, इतक्या मोठ्याने.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग आत्याकडे. “तुला आला?” आत्याने मान डोलावली. जावयाकडे बघितलं, त्यानेही डोलावली.

“मग बोलला का नाहीत?”

आत्याच बोलली शेवटी. “तू ऐकत होतास ना रे.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “कसा येतो?” त्यांनी मला विचारलं. मी बॉनेटवर नखाने वाजवून दाखवलं. ते बोटाकडे बघत होते. “वळताना? कुठे वळताना? सरळ झाली की थांबतो?” मी सांगत गेले. ते गुडघ्यावर बसले, पुढच्या डाव्या चाकामागे हात घातला, मग उजव्या चाकामागे. मलाही खाली वाकून बघायला लावलं. उजवीकडचे बोल्ट मातीने माखलेले होते, डावीकडचे चकचकीत नवे.

“कुठे आपटली?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

“जरा फुटपाथला लागली होती,” डॉक्टर म्हणाले. “पण लगेच नीट करून घेतली.”

गाडी आम्ही घेतली नाही, हे वेगळं सांगायला नको.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी. मला वाटलं, लागलं असेल त्यांना, चारचौघांत असं ओरडून सांगितलं म्हणून. मी समजूत कशी घालावी याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, “नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी कितीतरी लिफ्ट पास केल्या.”

“तेव्हा तुम्हाला नीट ऐकू येत होतं,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

तेव्हाही वजनं चढवणारे दोघं त्यांच्याबरोबर असायचे, आणि तेही, अण्णा ऐकत असताना, तोंड मिटूनच उभे राहत असतील. इतके दिवस मी एका गाडीची काळजी करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अण्णा बूट घालून बसलेले. “आज सुट्टी आहे ना तुला? चल.” कुठे ते विचारावं लागलं नाही. निवृत्त होण्याआधी त्यांनी सगळ्यात शेवटी पास केलेली लिफ्ट आमच्याच दवाखान्याची होती. मी अडलेल्या बायकांना त्याच लिफ्टमधून वर नेते. आत्या न बोलावता तयार होऊन दारात उभी होती. कालचेच ठेवणीतले कपडे.

“भार नको का?” ती म्हणाली.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. दार लागलं आणि सवयीने मी आणि आत्या गप्प झालो. अण्णांनी पत्र्यावर तळवा टेकला. डोळे मात्र मिटले नाहीत.

“गप्प बसू नका,” ते म्हणाले. “काही आलं की तिथल्या तिथे सांगायचं.”

लिफ्ट वर निघाली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, टक लावून, मी किल्ली फिरवताना ती पोरगी बघत होती तसे. मी सगळा जीव कानात आणला. मोटारची घरघर, आत्याचा श्वास. वरच्या मजल्याच्या जरा अलीकडे काहीतरी घासल्यासारखं वाटलं. अगदी पुसट. खरंच आलं की माझ्या भीतीने आलं, ते मला ठरवता येईना. आत्याकडे पाहिलं, तिलाही कळत नव्हतं.

“आला,” मी मोठ्याने म्हणाले. “बहुतेक.”

अण्णांनी मान डोलावली. “पुन्हा,” ते म्हणाले आणि तळमजल्याचं बटण दाबलं.