डावी पापणी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली तीन लग्नं माझ्या डाव्या पापणीने जमवली, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत. त्यातलं एक सहा महिन्यांत मोडलं, ते मात्र त्या सोयीस्करपणे विसरत.

मी शाळेत गणित शिकवायचे. क्षयाच्या इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि दोन्ही कान नेले. चार वर्षं मी पाटी-पेन्सिलीवर आणि समोरच्याच्या ओठांवर काढली. मग शहरातल्या एका बड्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून माझ्या डाव्या कानात तार बसवली आणि कमरेला आवाज पकडणारी डबी दिली. शाळेचं म्हणणं होतं, ऐकू येतं असा डॉक्टरांचा दाखला आणा, वर्ग परत देतो. मला तो वर्ग हवा होता. त्यासाठी मी काहीही करायला तयार होते, आणि केलंच.

डबी सुरू झाली त्याच आठवड्यात ओट्यावरून ताट पडलं आणि माझा डावा डोळा लवला. सासूबाईंनी हातातलं पीठ तसंच टाकलं.

"डावो डोळो लवलो गो! चांगला होतला!"

बाईचा डावा डोळा लवणं शुभ. तो मोठा आवाज करून हवा तेव्हा लववता येतो म्हटल्यावर मग काय विचारता! दुपारी शेजारणींची रीघ लागली. कुणाच्या मुलीला बघायला येणार होते, कुणाच्या मुलाचा बारावीचा निकाल होता. मला पाटावर बसवायचं, मनात इच्छा धरायची आणि माझ्या कानाशी ताटावर पळी हाणायची. डोळा लवायचा. सगळ्या शिकल्यासवरलेल्या बायका, दोघी तर बँकेत नोकरीला. एकीने माझी ओटीसुद्धा भरली. कोपऱ्यावरच्या वाण्याने तेवढा निराळा अर्थ काढला. मी डोळा मारते असं वाटून तो गडी मला साखर जास्त तोलून द्यायला लागला.

डॉक्टर दर महिन्याला तपासायचे. मी ओठ वाचू नयेत म्हणून ते माझ्या पाठीमागे उभे राहून आवाज करायचे आणि मी बोट वर करायचं. पाठीमागे उभ्या माणसाला माझा चेहरा दिसणार कसा, हे एवढ्या डिग्र्या असलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. बोट वर झालं की ते खूश, आणि यंत्राचं बटण आणखी थोडं पुढे. काही त्रास आहे का, असं ते माझ्या नवऱ्याला विचारायचे. "छे, एकदम झकास," नवरा म्हणायचा. डोळ्याचं सांगायचं नाही, नाहीतर ते बंद करून टाकतील, अशी त्याला आईची ताकीद होती.

मीही गप्प बसले. खरं सांगायचं तर डोळा लवला की मी बोट वर करत होते. आवाज कुठला आणि झटका कुठला, हे मला वेगळं काढता येत नव्हतं, आणि काढायचंही नव्हतं. दाखल्यासाठी मी मास्तरीण असून परीक्षेत कॉपी करत होते.

पुढच्या खेपेला डॉक्टर परगावी होते. यंत्र जुळवणाऱ्या तरुण बाई माझ्या समोर बसल्या. त्यांनी तोंडापुढे कागद धरला आणि माझ्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. तीन आवाजांनंतर त्यांनी माझ्या डोळ्याखाली बोट टेकवलं, चौथा आवाज केला आणि पाटी ओढून लिहिलं, "बोट कशासाठी वर केलंत? आवाजासाठी की डोळ्यासाठी?"

मी लिहिलं, "माहीत नाही." त्या खोलीत मी लिहिलेलं ते पहिलं खरं वाक्य.

कानाला लागूनच चेहऱ्याची नस जाते, तारेतला करंट तिलाही लागतोय, असं त्यांनी लिहून समजावलं. मग डोळा थांबेपर्यंत बटण मागे घेतलं. उरला तो दूरच्या दारावर कुणी नखाने टकटक करावी एवढा आवाज. दाखल्यावर 'आवाजाची चाहूल लागते' इतकंच आलं. तेवढ्यावर शाळा वर्ग देत नाही. मी घरापर्यंत रडत आले.

घरी दुसऱ्या मजल्यावरची आणि तिची उपवर मुलगी वाट बघत होत्या. सासूबाईंनी मला पाटावर बसवलं आणि ताटावर पळी हाणली. पापणी हलली नाही. परत हाणली. तिघींचे चेहरे उतरले.

"वाट लागली मशीनची," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली.

तिघी माझ्या डोळ्यात वाकून वाकून बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ताट ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. ऐकू आलं का, हे कुणीच विचारलं नाही.