कारभारणीनं नारळ फोडला नाही

आमच्या कारभारणीबरोबर बाजाराला जाणं ही एक शिक्षा होती. पिंपरीच्या बाजारात माठ घ्यायचा, तर ती दुकानातला एकूण एक माठ वाजवून बघायची. जो पसंत पडला त्यात दुकानदारालाच पाणी ओतायला लावायची आणि गळतो की काय ते बघत तिथंच पायरीवर बसायची. दुकानदार कावायचा, मागची गिऱ्हाइकं कावायची आणि मी पिशवी धरून उन्हात उभा. "अगं, माठ घेतीयस, जावई न्हाई," असं मी म्हटलं, की मान वर न करता म्हणायची, "घाई कुनाला हाय? तुमाला का त्याला?"

लुगड्याचंही तसंच. घडी पुरती मोडून, पदरापासून शेवटच्या टोकापर्यंत बोटं फिरवायची. कुठं एक धागा तुटलेला सापडला की तिचा चेहरा असा खुलायचा, जणू लुगडं घ्यायला नाही, तो धागा शोधायलाच आली होती. बायकोला मिरवायला नेणारे नवरे मी पाहिलेत. मी मात्र तिच्या मागं चार पावलं चालायचो, ओळख नसल्यासारखा.

हे सगळं एका बैलामुळं. तिच्या वडिलांनी चाकणच्या बाजारात एक बैल घेतला होता. देखणा, उंचापुरा, आणि विकणारा गोडबोल्या. बैल घरी आला, सासूबाईंनी ओवाळला, पायावर पाणी घातलं. मग एके दिवशी जुन्नरकडचा एक माणूस पोलिसाला घेऊन दारात. बैल चोरीचा. बैल गेला, पैसेही गेले, आणि त्या वर्षी घरच्यांनी स्वतःच्या खांद्यावर औत ओढलं. ही तेव्हा परकरातली पोर होती. पुढं जन्मभर एकच पालुपद: "वस्तू चांगली का वाईट ते मागनं. आदी ती कुनाची हाय ते इचारा." लग्नानंतर हे मी इतक्या वेळा ऐकलं, की कधी न पाहिलेल्या त्या बैलाचा मला राग यायला लागला.

पुढं सरकारनं कारखान्यांसाठी आमच्या गावच्या जमिनी घेतल्या आणि मोबदला दिला. ज्यानं जन्मात सायकल घेतली नव्हती तो जीप घ्यायच्या गोष्टी करू लागला. नवी गाडी नंबर लावूनही वर्षानुवर्षं मिळायची नाही, म्हणून मुंबई रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. मीही मनाशी धरलं, की एक जुनी अँबॅसिडर घ्यायची. चाकण ते पिंपरी सवाऱ्या मारायच्या, लगीनसराईत भाडी करायची. शेत तर गेलंच होतं. पोटापाण्याला उरलं होतं ते मोबदल्याचं पुडकं. तेही गेलं असतं, तर आमच्याच रानात झालेल्या कंपनीच्या गेटवर दांडकं घेऊन उभं राहायची पाळी होती.

ज्या शेडवर गेलो तिच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. माणूस काय बोलायचा! साखर विरघळावी तसा. राखाडी रंगाची अँबॅसिडर त्यानं अशी चकाचक करून ठेवली होती, की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. मी तर बघताक्षणीच मनानं घेतली होती. शेठनं मला हारही दिला, पेढ्याचा पुडा उघडला आणि कारभारणीच्या हातात नारळ ठेवला.

"वहिनी, येळ चांगली आहे, फोडून टाका. कागद काय, चार-आठ दिवसांत घरपोच येतील."

ही नारळ घेऊन गाडीला एक चक्कर मारून आली. मग हात बॉनेटवर ठेवला.

"शेठ, ही आदीच का तापलीय?"

"सकाळी जरा फिरवून आणली, वहिनी."

"आमी येनार म्हून?"

शेडवरची माणसं हसली. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आनि हिचा मालक कोन?"

"आता तुम्हीच की!"

"आमच्या आदीचा."

"आहेत एक मुंबईचे साहेब."

"मग त्यांचं नाव असल्यालं गाडीचं बुक दावा. हप्त्यावर घेतली आसंल तर कुनाचे हप्ते ऱ्हायलेत ते बी त्यात आसंल."

बुक मुंबईला होतं. विम्याचा कागदही मुंबईला. गाडी तेवढी इथं होती. ही म्हणाली, "मग बुक आलं की आमी येतो," आणि नारळ शेठच्या गल्ल्याच्या टेबलावर अलगद ठेवला. फोडला नाही.

शेठचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. मला त्या वेळी कारण कळलं नाही. त्याला आमच्याकडची रीत पक्की ठाऊक होती. एकदा घरच्या बाईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं, की ती गाडी घरची लक्ष्मी झाली. मग ती धूर ओको नाहीतर ढकलायला लागो, परत कुणी करत नाही. ओवाळलेली लक्ष्मी दारातून माघारी कशी धाडायची? म्हणून तर त्याच्याकडं पावतीपुस्तक नव्हतं, पण नारळाचं पोतं होतं.

घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "साऱ्या गावात माझी इज्जत घालवलीस." ती भाकरी थापत म्हणाली, "इज्जत हाय तितंच हाय. पैकं बी हायती."

पुढचं मला जास्त झोंबलं. तीच राखाडी गाडी माझ्या चुलतभावानं, बबननं घेतली. पैसे रोख, पावती नाही. चुलतीनं शेडवरच नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. बबन आमच्या दारावरून जाताना मुद्दाम भोंगा वाजवायचा. "दादा, बसा की, सोडतो," म्हणायचा. मी घरात जाऊन कारभारणीवरच्या रागानं भांडी आपटायचो.

दिवस गेले तरी बबनचं बुक काही आलं नाही. हे कळल्यावर ही आपण होऊन त्याच्या घरी गेली. नको म्हणत होतो, तरी गेली. म्हणून मीही मागं.

"बबन भावजी, शेठ अजून शेडवर बसतोय तवर गाडी माघारी न्या. बुक दे न्हाईतर पैकं दे म्हना."

बबनचं तोंड बारीक झालं. त्याच्याही मनात तेच असावं. पण चुलती कडाडली. "कुक्कू लावल्याली गाडी माघारी? सवाष्णीच्या तोंडात ही भाषा शोभती व्हय गं?"

"आत्याबाई, गाडी म्हंजी काय सून हाय का, माघारी धाडली म्हून बोल लागायला?"

"दारातली लक्ष्मी जाईल!"

"ती शेठच्या गल्ल्यात गेली की कवाच."

चुलतीनं आम्हाला उठवलंच. बबन दारापर्यंत आला, पण आईपुढं बोलला नाही. वाटेत मी हिला म्हटलं, "झालं समाधान? नातंबी तोडलंस." ती माझ्यापुढं चार पावलं चालत राहिली. त्याचा मला आणखी राग आला.

मग दोन माणसं आली आणि गाडी घेऊन गेली. मुंबईच्या त्या साहेबांनी ती कर्जावर घेतली होती, हप्ते थकले होते, आणि हप्ते फिटेपर्यंत गाडी कर्ज देणाऱ्या कंपनीची. बबन शेडवर पळत गेला, तर शेडला कुलूप. पुढं बबन आमच्याच रानातल्या कंपनीच्या गेटवर पहाऱ्याला लागला, तो आजही आहे. गाडी गेली त्या दिवशी कारभारणीनं त्यांच्या घरी पिठलं-भाकरी नेऊन दिली. 'मी म्हनलं हुतं' हे तीन शब्द ती बोलली नाही, त्यांच्याजवळ नाही आणि माझ्याजवळही नाही. मी आठवडाभर वाट बघितली. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

आमची गाडी शेवटी चिंचवडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, हिच्या पद्धतीनं. त्या माणसानं मागच्या जन्मी काय पाप केलं होतं देव जाणे. सकाळी गार इंजिन हिच्यासमोर चालू करायचं, तापलेल्या इंजिनात खोड लपते म्हणून. मला चौथीपर्यंतच शाळा, तरी इंजिनावरचा नंबर मी खडूनं जमिनीवर लिहायचा, चासीचा खाली झोपून वाचायचा आणि बुकाशी एकेक आकडा ताडून बघायचा. एक आकडा पुसट होता, तर मला दुसऱ्यांदा गाडीखाली घातलं. इसार दिला तो शिक्क्याच्या कागदावर, बुक नावावर झालं नाही तर इसार परत असं लिहून घेऊन. बाकीचे पैसे हिनं कमरेला बांधले आणि पुण्याला आरटीओच्या हापिसात तिघं गेलो.

"काकू, आता तरी द्या की," व्यापारी घामाघूम होऊन म्हणाला.

"सायबाला शिक्का मारू द्या."

"अहो, माझ्यावर इस्वास नाही का?"

"हाय की. म्हून तर येवड्या लांब तुमच्या संगट आले."

शिक्का बसला, माझं नाव बुकात आलं, तेव्हा तिनं गाठ सोडली. मग पिशवीतून नारळ काढला आणि हापिसाच्या दारातच फोडला. शिपाई ओरडत धावला. तिनं त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

त्या गाडीवर आमचं घर चाललं. दोन पोरींची लग्नं त्याच गाडीच्या भाड्यावर झाली. आणि गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली, की आमच्या दारात माणूस उभा. "वैनी, जरा येता का शेडवर?" ही डोक्यावर पदर घेऊन निघायची. माझ्या जेवणाची वेळ टळायची आणि मी चिडून बसायचो.

गेल्या माघात तिला ताप भरला. पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. आठवडाभरात गेली. प्रत्येक गोष्टीला दिवस-दिवस लावणारी बाई, यालाच तेवढी उशीर करायला विसरली. माझा तिच्यावरचा हा राग अजून गेलेला नाही.

माझे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत, म्हणून परवा गाडी विकायला काढली. मोशीचा एक जवान गडी बायकोला घेऊन आला. आल्या आल्या पैशाचं पुडकं माझ्या पुढ्यात ठेवलं. "काका, तुमच्यावर इस्वास हाय. चावी द्या."

मी असा भडकलो, की शेजारचे बाहेर आले. म्हटलं, "अरे, तू मला वळखतोस का? गाडी माझी हाय का चोरीची, इचारलंस? कर्ज हाय का, इचारलंस? उचल ते पैसे आदी!" तो बिचारा पुडकं छातीशी धरून उभा. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी द्यायचीच नाही. मी बुक आणून त्याच्या हातात दिलं, बॉनेट उघडलं आणि नंबर वाचायला लावला.

तेवढ्यात त्याची बायको कुणी न सांगता गाडीच्या मागं गेली होती. डिकी उघडून, आतलं रबर बोटानं उचलून, खाली गंज आहे का बघत होती. नवरा ओरडला, "अगं, उरक की, काकांना कामं असतील!"

मी म्हटलं, "न्हाई रे बाबा. बघू दे तिला. सावकाश बघू दे." आणि ओट्यावर बसून राहिलो.