यंदाची समाजसेवा

‘वर्ष उत्तम गेलं!’ असं म्हणून तो दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचा, पोटभर जेवून हात धुतल्यासारखे, आणि मगच भाषणाला सुरुवात करायचा. कोणाचं वर्ष, हे विचारायची सोय नसे. कंपनीचं उत्तम गेलं म्हणजे तुमचं-आमचंही गेलंच पाहिजे.

तो सरकारी तेल कंपनीचा आमच्या भागाचा साहेब. साठ सालानंतरची गोष्ट. मी मालवणला कंपनीच्या एजंटाच्या पेढीवर कारकून होतो, म्हणून पोटासाठी त्याला अहो-जाहो करत होतो. आता करणार नाही. तुम्हीही असा एखादा साहेब पाहिला असेलच. नसेल तर भाग्यवान आहात.

मूळचा तो कसालच्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरातला. पण मालवणीचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ! पेढीवर कोणी ‘साहेब, तेल कधी येतला?’ म्हटलं, की कानात डास शिरल्यासारखी मान झटकायचा आणि म्हणायचा, ‘शुद्ध बोला.’ आता रॉकेलला आलेल्या कोळणीने शुद्ध कशाला बोलायचं, सांगा! एकदा एक बाई गळ्याला सुतळी बांधलेली रिकामी बाटली घेऊन दोन तास बसली होती. तेलाचे डबे घेऊन येणारा मचवाच आला नव्हता. हा तिला म्हणाला, ‘टंचाई हा शब्द आमच्या कंपनीत नाही.’

‘शब्द नाय तो नाय,’ बाई उठत म्हणाली, ‘पण तेल पण नाय मरे!’

दरवर्षी उन्हाळ्यात शाळेच्या सभागृहात कंपनीचा मेळावा भरे. दुकानदार, एजंट, मामलेदार, दोन-चार मास्तर. ह्याचं भाषण तीन भागांत चाले: वर्षाचा व्यवहार, समाजसेवा आणि भावी योजना. भावी योजनांत याचा हात धरणारा कोणी नव्हता. कसालला पेट्रोलपंप येणार, मालवणला तेलाची टाकी येणार, घरोघरी गॅसच्या शेगड्या येणार. कसालच्या पंपासाठी तर ह्याने नारळ फोडून दगडही बसवला होता. त्या दगडाला म्हशी पाठ घासत. तेवढा त्याचा उपयोग झाला, नाही म्हणायचं कारण नाही.

पण मला सांगायचं आहे ते समाजसेवेचं.

तोंडवली तुम्हाला ठाऊक असेल. एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर माडांतली घरं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. वाट चुकलेली होडी त्यावर आपटली की संपलं. म्हणून होड्या बाहेर असल्या की दिवेलागणीला वाळूवर माडाच्या झावळ्यांची सुकी चुडतं पेटवायची, असा गावचा रिवाज. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. घरात सुतक असलं तरी पाळी चुकवायची नाही.

एका वर्षी साहेबाने तिथे समाजसेवा केली. लोखंडी खांब रोवला, त्याला कंपनीचा रंग दिला, वर मोठा कंदील टांगला. फीत कापली, पेढे वाटले. तोंडवलीकर खूश. ‘सरकारचो दिवो इलो, आता चुडतां कशाक जाळूची?’ पाळ्या बंद झाल्या. कंदिलाचं तेल कंपनी द्यायची. वर्षभर दिलंही.

वर्ष संपलं आणि तेल बंद. मी साहेबाला आठवण केली. तो शांतपणे म्हणाला, ‘अहो, ती गेल्या वर्षीची समाजसेवा. यंदाची समाजसेवा म्हणजे मोटारस्टँडवरचं बाकडं.’

मी पुन्हा म्हटलं, ‘साहेब, दिवा विझेल.’

‘खांब आहे ना?’ तो म्हणाला. ‘अहवालात खांब आहे.’

असा हा माणूस. पुढचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण अजून सांगवत नाही. दिवा विझला. आज कोणीतरी तेल घालील, उद्या घालील, असं जो तो म्हणत राहिला. चुडतं पेटवायची तर पाळी कोणाची, हेच कोणाला आठवेना. त्या दिवसांत गावातल्या भिवा तांडेलाचा धाकटा भाऊ अंधार पडताना होडी घेऊन परतत होता. होडी बांधावर आपटली. सकाळी तो खाडीच्या आतल्या अंगाला सापडला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

भिवाने कोणाला दोष दिला नाही. तेरावं झालं आणि त्या दिवसापासून तो रोज स्वतः चुडतं पेटवू लागला. मग गावालाही लाज वाटली आणि पाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या थंडीत साहेबाला लहर आली. मुंबईच्या अहवालपुस्तकात छापायला दिव्याचा फोटो हवा. तो, एक फोटोग्राफर आणि मी असे मालवणहून मचव्याने निघालो. निघायचं होतं सकाळी, पण साहेबाचं सुरमईचं जेवण आणि वर वामकुक्षी. खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सूर्य बुडालेला, ओहोटी लागलेली आणि वारा फिरलेला. मचवा बांधाला घासला, आडवा झाला, आणि एका लाटेसरशी आम्ही सगळे भिजून चिंब. साहेबाने माझा दंड असा आवळून धरला, की चार दिवस वळ गेला नाही.

कंपनीचा खांब अंधारात कुठे होता कोण जाणे. वाळूवरची आग मात्र दिसत होती. मचव्याच्या तांडेलाने तिच्या अंदाजाने सुकाणू फिरवलं आणि आम्ही आत शिरलो. छातीभर पाण्यात भिवा उभा होता. त्याने साहेबाला पाठुंगळी मारलं आणि आगीपाशी नेऊन ठेवलं.

साहेबाचे दात वाजत होते. आणि ऐका, तो मालवणीत बोलला! ‘माका वाटला, मी मेलंय,’ म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. भिवाच्या बायकोने गरम पेज आणली. ‘पिया, साहेबानू. भियां नको. इलास मा आता जमनीर,’ ती म्हणाली. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरला. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्याची माया आली. वाटलं, आता हा माणूस होईल.

कसला होतो! सकाळी कपडे सुकले आणि साहेबही सुकला. खांबावरचा कंदील उतरवून पुसायला लावला, कोणाच्या तरी घरचं तेल त्यात ओतलं आणि भर उन्हात तो पेटवून स्वतः खाली उभा राहिला. फोटो काढला.

त्या उन्हाळ्याच्या मेळाव्याला त्याने भिवाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तोंडवलीची माणसंही मागे येऊन बसली होती. वर्ष अर्थातच उत्तम गेलं होतं. व्यवहार वाचून झाला, मग समाजसेवा आली. साहेबाने चष्मा सारखा केला आणि वाचलं, ‘तोंडवली येथे कंपनीने उभारलेल्या दिव्यामुळे गेल्या हिवाळ्यात कंपनीच्याच एका अधिकाऱ्याचे प्राण वाचले.’

मामलेदारांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान तापले. मेल्या, पेज प्यायलास ना रे त्या घरची!

मग ‘लाभार्थी’ म्हणून भिवाला वर बोलावलं. खांद्यावर शाल आणि हातात नारळ. खाली उतरायचं सोडून भिवा तिथेच उभा राहिला. आमच्याकडच्या माणसाच्या हातात नारळ दिला की तो देवाला गाऱ्हाणं घालणारच, हे कसालच्या पोराला तरी कळायला हवं होतं. भिवाने डोळे मिटले.

‘बा देवा रवळनाथा, बारा वाटच्या म्हाराजा! ह्यो नारळ आज कंपनीन दिल्यान हा, तो मान्य करून घे, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ मागून तोंडवली गरजली.

‘साहेबांक मोठी जागा दी, लांब दी, दर्या दिसाचो नाय थंयसर दी, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आता दुकानदारही ओरडले.

भिवाने नारळ कपाळाला लावला. ‘आणि चुकान ह्येंचो मचवो परत आमच्या खाडीच्या तोंडार इलोच, तर आमच्या हातातली चुडतां विझव नको. माझ्या भावासाठी जी पेटली नाय, ती ह्येंच्यासाठी पेटांदेत, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

सगळं सभागृह म्हणालं. मीही म्हणालो. आणि व्यासपीठावर हात जोडून, मान खाली घालून उभा असलेला साहेबही म्हणाला. लहानपणापासून देवळात म्हणत आलेला, तोंडाला सवय. म्हणून झाल्यावर त्याला ते कळलं. त्याने वर पाहिलं, तर भिवा त्याच्याकडेच बघत होता, रागाने नव्हे.

साहेबाने पाणी मागितलं आणि खुर्चीत बसला. भावी योजना त्या वर्षी वाचायच्या राहिल्या.