हवेवर भरवसा नसलेले चाचा

जुन्नरपासून निमगाव साव्यापर्यंत जेवढ्या विहिरी उपसतात, तेवढ्या सगळ्या जळलेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देणाऱ्या आमच्या चाचांच्या हातच्या तारेवर उपसतात. आणि या माणसाचा तारेवर जेवढा भरवसा आहे तेवढा सूर्यावरही नाही, कारण सूर्याला तार जोडलेली नाही. मोबाइलवर बोलायचं तर आधी चार्जरची वायर खुपसणार, नाहीतर म्हणे आवाज पातळ येतो. समोरचा शिंपी सहा पावलांवर बसतो, पण त्याला चहाला बोलवायला यांनी रस्त्यावरून तार ओढून घंटी बसवलीय. मोटार चालू आहे की बंद, हे कानाने कधी ऐकणार नाहीत. तळहात ठेवून बघणार, "गरम हाय, चालतीय."

चाची गेल्यापासून घरात चाचा आणि त्यांची एकुलती लेक. तिला पुण्यातल्या एका कंपनीची घरी बसून करायची नोकरी मिळणार होती, मुलाखत व्हिडिओवर. नेट धड नसेल तर पुण्यात येऊन राहा, असं कंपनीने आधीच बजावलेलं. राउटर घराच्या पुढच्या अंगाला चाचांच्या दुकानात, लेकीची खोली घराच्या आतल्या चौकापलीकडे, आणि मधली दगडी भिंत अशी जाड की आतल्या शिंकेला बाहेर पोचायला दुपार होते. मी म्हणालो, "चाचा, राउटर चौकाकडच्या दारात आणून बसवू. नेट लेकीच्या खिडकीतून हवेतनं जाईल."

"हवेतनं धूळ येती भाऊ, आन् न सांगता पावणं येत्यात. नेट न्हाई येत!"

मग मी प्लगात खोचायच्या दोन डब्यांचं सांगितलं: एक राउटरपाशी, दुसरी लेकीच्या खोलीत, आणि नेट घरातल्याच लाइटच्या वायरीतून. चाचांनी मला अशी मिठी मारली की खिशातला चष्मा वाकला. "आदी का न्हाई बोलला, राव?"

चार दिवस नेट झकास. मुलाखत सुरू होऊन दहा मिनिटं होतात न होतात तोच बल्ब पिवळा पडला. लाइट डिम झाली की फेज बदलायचा, म्हणजे खोली तीनपैकी दुसऱ्या वायरीवर घ्यायची, हे आमच्याकडे पाळण्यातलं मूलही जाणतं. 'पोरीचं तोंड अंदारात नको' म्हणून चाचांनी मायेपोटी खोलीचा स्विच दुसऱ्या फेजवर मारला. उजेड लख्ख, आणि नेट गायब! एक डबी या फेजच्या वायरीवर, दुसरी त्या; नेट जाणार कुठून? "अब्बा!" लेक किंचाळली. चाचांनी घाईने स्विच मागे फिरवला, तर त्याने ठिणगी टाकून मानच टाकली.

लॅपटॉप बॅटरीवर होता. मी दुकानाकडे धावलो, पण चाचा माझ्या आधी. राउटर उपटला, त्याला ही लांब वायर जोडली, आणि हवेला जन्मभर नावं ठेवणारा तो माणूस दारात स्टुलावर चढून राउटर डोक्यावर धरून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाऊण तास! घंटी न वाजताच शिंपी आला. "चाचा, गणपती बशिवताय का काय?"

"गप ए! हवा अडवू नको, बाजूला व्हय!"

नोकरी लागली. लेक सांगायला आली तेव्हा चाचांचे हात खाली येईनात. शिंप्याने आणि मी धरून उतरवले. मी सुटकेचा इतका मोठा निःश्वास टाकला की समोरच्या दुकानातली शिंप्याची कापडं हलली.

राउटर आता दारावरच्या फळीवर असतो. परवा चहाला गेलो, तर चाचा टाचा उंचावून त्याच्यावर तळहात ठेवून उभे. पलीकडे खोलीत लेकीचं इंग्रजी चाललेलं.

"गरम हाय," ते हळूच म्हणाले. "पोर घरात हाय." आणि हात काही काढला नाही.